ओटी आणि माजघरामधला खडक : रत्नागिरीतल्या एका खाऱ्या टाकीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

जागा ठरली. जुन्या चिरेबंदी घरात ओटी आणि माजघर यांच्यामध्ये पूर्वी लाकडी फळ्यांचा आडोसा होता, तिथेच टाकी येणार. एक आखूड बाजू भिंतीला, बाकीच्या तीन बाजूंनी बघता येईल अशी. बाहेरून माप १२० × ७० × ४५ सेंमी. उंची मुद्दाम कमी ठेवली आहे. ४५ सेंमीच्या टाकीत बाहीसुद्धा न भिजवता तळापर्यंत हात पोचतो, आणि ओहोटीला कातळावर उभं राहून खाली बघावं तसं वरून बघता येतं. रुंदी ७० घेतल्यामुळे खडकाच्या मागेही पाणी राहतं. नेहमीच्या ४५ सेंमी रुंदीत खडक मागच्या काचेला टेकतो आणि सगळी रचना ढिगाऱ्यासारखी दिसते.

आधी एक गोष्ट पक्की करून घेतली : या टाकीत कोरल नाही. खडक घडवणारी कोरलं, काळं कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून घरी आणायचा नसतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची कोरलं तिथेच बघावीत. म्हणून खडक आपण घडवायचा, त्यावर रंग आणायचा तो समुद्रशैवालाने, आणि मासे घ्यायचे ते हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेले. याने रचनेला मर्यादा येते असं वाटत नाही. उलट खडकाचा आकार पूर्णपणे आपल्या हातात राहतो.

वजनाचा हिशेब : टाकीतलं पाणी सुमारे ३२५ किलो, काच ७५, खडक ३०, वाळू २८, संप (टाकीखालची दुसरी टाकी, जिथे पाणी गाळून परत वर पाठवलं जातं) पाण्यासह १००. चौथऱ्यावर आणि त्याच्या पोटात मिळून साडेपाचशे किलोच्या वर जातं. माडीवर लाकडी तुळयांवर हे ठेवायचं नाव काढू नये. तळमजल्यावरही फरशी नुसती भरावावर बसवलेली असते, म्हणून तेवढ्या भागातली फरशी काढून १० सेंमी काँक्रीट टाकायचं.

१३ ऑक्टोबर

चौथरा. लोखंडी स्टँड टाळला. इथल्या हवेत साध्या लोखंडाला रंग कितीही द्या, वेल्डिंगच्या जोडापासून गंज सुरू होतो, आणि टाकीखाली वरून थेंब थेंब खारं पाणी ठिबकणारच. चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) दोन खांब, प्रत्येकी २३ सेंमी जाड, त्यावर १६५ × ७५ × १० सेंमीचा आरसीसी स्लॅब. दोन खांबांमधली मोकळी जागा ११९ सेंमी लांब, ७० उंच. संप तिथे बसेल, शिवाय स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप वर ओढून काढायला जागा राहील.

स्लॅब १२० ऐवजी १६५ का : भिंतीकडच्या खांबावर पाइप उतरवता येत नाही. म्हणून भिंतीपासून पहिले २३ सेंमी खांबाचे, पुढचे १५ ओव्हरफ्लोच्या पेटीचे (टाकीच्या कडेवरून सांडणारं पाणी तिच्यातून संपमध्ये उतरतं) आणि मग १२० ची टाकी. पेटी बरोबर मोकळ्या जागेवर येते. स्लॅबमध्ये लांबीच्या दिशेने १० मिमीच्या पाच सळ्या, १५ सेंमी अंतराने, खालच्या अंगाला २५ मिमी कव्हर ठेवून. आडव्या ८ मिमीच्या. पाच सळ्यांमध्ये चार गाळे होतात, त्या चार गाळ्यांत ७५ मिमी पीव्हीसीचे चार तुकडे उभे करूनच काँक्रीट ओतलं. तीन खाली जाणाऱ्या पाइपांना, एक वर येणाऱ्याला. नंतर कोअर कटिंग करून सळी कापण्यापेक्षा हे फार बरं. मिश्रण १ : १.५ : ३, वाळू क्रश सँड. किनाऱ्यावरची वाळू स्लॅबमध्ये गेली की तिच्यातलं मीठ सळीला खातं.

पाणी मारणं १४ दिवस, वजन २८ दिवसांनी. चिरा सच्छिद्र असतो, खारट पाणी पितो आणि मग वर पांढरी पापडी धरतो. म्हणून खांबांच्या आतल्या अंगाला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर दोन हात इपॉक्सी. बाहेरचा चिरा उघडाच ठेवला, घराच्या भिंतीशी जुळतो.

२० ऑक्टोबर

खडकाचा दिवस. सगळ्या कामात हाच भाग सर्वांत जास्त मजेचा, आणि घाई केली तर सर्वांत जास्त नुकसान करणाराही हाच.

जांभ्याचा तुकडा टाकीत का नको, हे विचारलं जातंच. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, ठिसूळपणा, आणि त्याच्या भोकांत अडकलेली माती. व्हिनेगर टाकलं तर फसफसत नाही, म्हणजे चुना नाही. बाहेरच्या चौथऱ्याला उत्तम, आत नको.

मिश्रण, मापाने (वजनाने नव्हे) :
पांढरं पोर्टलँड सिमेंट १ भाग. वॉल पुट्टी नव्हे, पिशवीवर नीट वाचून घ्यावं.
शिंपल्यांचा चुरा २ भाग. निम्मा डाळीएवढा, निम्मा रव्याएवढा.
जाडं खडे मीठ १ भाग.

शिंपल्या म्हणजे तिसऱ्या आणि कालवं, स्वयंपाकघरातून गोळा केलेल्या. आधी उकळायच्या, आत चिकटलेला मांसाचा देठ खरवडायचा, एक रात्र ब्लीचच्या पाण्यात, मग आठवडाभर उन्हात. देठ राहिला तर पुढे तोच कुजून फॉस्फेट देतो. सिमेंट आणि चुरा आधी कोरडे मिसळायचे, पाणी अगदी थोडं, मिश्रण मुठीत लाडवासारखं धरून राहील इतकंच. मीठ सर्वांत शेवटी. आधी टाकलं तर ते विरघळतं आणि भोकं पडतच नाहीत. खडक पाण्यात बुडवल्यावर मीठ निघून जातं आणि त्याची जागा पोकळ राहते, तिथे पुढे जिवाणू वस्ती करतात.

मिठामुळे ताकद कमी होते. म्हणून ज्या तुकड्यांवर भार येणार, म्हणजे कमानीचे पाय आणि कपारीचं छत, त्यांत मीठ अर्धा भाग. आधाराला फायबरग्लासची ८ मिमी सळई. लोखंडी तार अजिबात नाही.

साचा म्हणजे लाकडी खोक्यात ओलसर शिंपल्यांचा बारीक चुरा दाबून केलेला खड्डा. चुरा खडकाला चिकटला तरी चालतो, वाळू चिकटली तर चालत नाही. तुकडे पाच :
एक सपाट, सड्यासारखी (कोकणातल्या कातळी पठारासारखी) फळी, म्हणजेच कपारीचं छत, ५० × ३० सेंमी, जाडी ५ ते ७, कडा तुटलेली.
तिच्याखाली दोन पाय, १६ आणि १८ सेंमी उंच, म्हणजे फळी किंचित तिरकी बसते.
एक कमान, आतला गाळा २२ सेंमी.
एक उभा सुळका, ३० सेंमी.

पायांची उंची वेगळी ठेवणं महत्त्वाचं. फळी समपातळीत बसली की टेबल दिसतं. कोकणातला कातळ समुद्राकडे उतरतो, तोच उतार आणायचा आहे. साचे ४८ तासांनी सोडले, मग तुकडे पाण्यात.

३ नोव्हेंबर

खडकाच्या पिंपातल्या पाण्याचा पीएच पट्टीवर १२ च्या पुढे. अपेक्षितच आहे, सिमेंटमधला मोकळा चुना बाहेर पडतोय. दर आठवड्याला पाणी बदलायचं, आणि दर बदलाच्या वेळी खडक दोन दिवस सावलीत वाळू द्यायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याचं कार्बोनेट करतो, त्याला थोडी कोरड लागते. सतत बुडवून ठेवण्यापेक्षा हे लवकर होतं. व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्याने वरचा शिंपल्यांचा थरच खाल्ला जातो आणि आतला चुना तसाच राहतो.

१० नोव्हेंबर

काच. १२ मिमी साधी फ्लोट, कडा पॉलिश केलेल्या. टफन्ड काच घेतली तर तिला नंतर भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की चुरा होतो. वर आधाराची आडवी पट्टी नाही, म्हणून १० ऐवजी १२. ४५ सेंमी उंचीला १० मिमी पट्टीसह चालली असती, पण वरून बघण्याची टाकी, पट्टी मध्ये येते.

सिलिकॉन ॲसिटिक क्युअरचं, व्हिनेगरचा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठी मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक. जोडाच्या दोन्ही कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, मास्किंग टेप लावली. काचेमध्ये दीड मिमीचे प्लास्टिकचे तुकडे ठेवले, म्हणजे दाबून सगळं सिलिकॉन बाहेर जात नाही. सात दिवस हात लावायचा नाही. इथे मात्र दमट हवेचा फायदा : ॲसिटिक सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने पिकतं.

स्लॅबची पातळी लेव्हल पाइपने तपासली. १२० सेंमीत १ मिमीचा फरक, चालेल. टाकीखाली १० मिमी ईव्हीए फोमची शीट.

२४ नोव्हेंबर

पाइप. आखूड बाजूला काचेची बाहेरची पेटी, आतून ५० सेंमी रुंद सरळ कड, दाते नाहीत. दात्यांमध्ये शैवाल अडकतं आणि पातळी चढते. पेटीतून ४० मिमीचे तीन पाइप : पहिला पूर्ण भरून वाहणारा, खाली गेट व्हॉल्व्हसह. दुसरा उघडा, ज्यात नुसती पातळ धार जाते. तिसरा उंच, एरवी कोरडा. पहिल्याला बॉल व्हॉल्व्ह लावला तर बारीक जुळवणी जमत नाही, पाव फेऱ्यात सगळं बंद किंवा उघडं होतं. पहिला पाइप गोगलगाय अडकून बंद झाला तर पाणी दुसऱ्यात जातं आणि खळखळ ऐकू येते, तोच इशारा.

टँक निपलचं (काचेच्या भोकात बसणाऱ्या पाइपच्या जोडाचं) रबर काचेच्या आतल्या, पाण्याच्या बाजूला. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, पान्याने ताणायचं नाही. ताणलं की रबर बाहेर सरकतं आणि तिथूनच गळतं. सगळीकडे युनियन (फिरवून सुटणारे जोड), म्हणजे साफ करायला पाइप कापावा लागत नाही.

आता या भागातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी खाली संपमध्ये उतरतं. टाकीचं आतलं क्षेत्रफळ ११७.६ × ६७.६ सेंमी, म्हणजे १ सेंमी पातळी = जवळजवळ ८ लिटर. संपचं आतलं माप ८८ × ३८, चालू पातळी २२ सेंमी, वर १७ सेंमी मोकळं, म्हणजे ५५ लिटर जागा. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली १० सेंमी ठेवलं तर सायफनने ८० लिटर उतरतील आणि २५ लिटर माजघरात. तोंड दीड सेंमीवर ठेवलं तर कडेवरून येणारं धरून १६, पाइपांतलं ३, मिळून १९ लिटर. पाण्याच्या रेषेलगत परतीच्या पाइपला ५ मिमीचं सायफन तोडणारं भोकही पाडलं आहे, पण भरवसा भोकावर नाही, तोंडाच्या खोलीवर. भोक शैवालाने बुजतं.

गोड्या पाण्याने भरून ४८ तास ठेवली. पंप बंद करून संपमधली चढ मोजली : साडेपाच सेंमी, म्हणजे १८ लिटर. हिशेबाशी जुळतं.

८ डिसेंबर

संपचे कप्पे : फिल्टर सॉक १५ सेंमी, स्किमर २८, शैवालाचा कप्पा २८, परतीचा पंप १५. बाष्पीभवनाची घट फक्त शेवटच्या कप्प्यात दिसते. १५ × ३८ च्या कप्प्यात १ लिटर उडालं की पातळी पावणेदोन सेंमी उतरते. दिवसाला ४ लिटर उडाले तर ७ सेंमी, आणि पंप हवा ओढायला लागतो. म्हणून आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र हवंच. त्याची बादली २५ लिटरचीच. फ्लोट अडकून सगळी रिकामी झाली तरी क्षारता ३५ वरून ३२.७ पर्यंतच उतरते, मासे निभावतात, आणि त्याच वेळी वीज गेली तरी २५ + १९ = ४४ लिटर संपच्या मोकळ्या जागेत मावतात. मोठी बादली सोयीची वाटते, पण ती हा सगळा हिशेब मोडते.

परतीचा पंप दीड मीटर उंचीवर तासाला १८०० लिटर. आतल्या लाटांसाठी ६००० लिटरचे दोन वेव्हमेकर, समोरासमोर नव्हे. एक पेटीच्या काचेवर कमानीच्या दिशेने, दुसरा लांब बाजूला, उलट्या वेळी चालणारा.

१९ डिसेंबर

खडकाची परीक्षा गोड्या पाण्यात नाही, खाऱ्या पाण्यात घेतली. बंद बादलीत २४ तास, पीएच ८.२ वरून ८.४. पास. नुसत्या आरओ पाण्यात शिंपलासुद्धा पीएच चढवतो, त्यामुळे तिथला आकडा फसवा असतो.

मांडणी : खडक थेट काचेवर नाही, पायांखाली ॲक्रिलिकचे तुकडे. वाळू नंतर. वाळूवर खडक ठेवला तर मासे खणतात आणि कमान खचते. सड्याची फळी डावीकडे, माजघराच्या बाजूला झुकलेली. सुळका उजवीकडे, ओटीच्या बाजूला. दोन्हींमधून तिरकी गेलेली २५ सेंमीची वाट, खाडीसारखी, एका टोकाला अरुंद. सर्व बाजूंनी काचेपासून निदान ८ सेंमी, म्हणजे चुंबकाचा घासणा फिरतो.

२२ डिसेंबर

पाणी. विहिरीचं पाणी आरओ आणि डीआय (उरलेले क्षार काढणारी गाळणी) मधून, टीडीएस ० येईपर्यंत. फेकलं जाणारं पाणी माडाच्या आळ्यात. एकूण ३६० लिटरला मीठ साडेतेरा किलो लागलं. रिकाम्या संपमध्ये मीठ टाकून त्यावर पाणी ओतलं तर चुना खाली बसतो. आधी पाणी, पंप चालू, मग मीठ मुठीमुठीने. विशिष्ट गुरुत्व १.०२६, तापमान २५.

समुद्राचं पाणी आणायला काय हरकत, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत खाडीच्या तोंडापासून लांब, भरतीच्या वेळी घेतलेलं चालतं. पण पावसाळ्यात नद्या उतरल्या की किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ आणि पातळ होतं, आणि नेमकं तेव्हाच बदलायला पाणी लागतं. वर्षभर एकच पद्धत ठेवलेली बरी.

वाळू अरागोनाइटची, १ ते २ मिमी, २८ किलो, अडीच सेंमी थर. मांडवी-भाट्याकडची काळी वाळू टाकीत फार देखणी दिसेल, पण तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. चुंबक फिरवला की कण त्याला चिकटतात, आणि काच पुसणाऱ्या चुंबकाखाली आले की काचेवर कायमचे ओरखडे.

२६ डिसेंबर

अमोनिया, म्हणजे मासे येण्याआधी टाकीत जिवाणू वाढवायला दिलेलं खाद्य. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड २.१ ग्रॅम, म्हणजे ३६० लिटरला सुमारे २ पीपीएम. बाजारातला नवसागर तोच पदार्थ असला तरी कल्हईचा असतो, शुद्ध नसतो. जिवाणूंची बाटली सोबत. दिवे बंद.

३० जानेवारी २०२५

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. परत २ पीपीएम देऊन २४ तासांत दोन्ही शून्यावर आले, म्हणजे टाकी तयार. ४० टक्के पाणी बदललं. खडकावर तपकिरी डायटम (एक सूक्ष्म शैवाल) आलं आहे. पुसायचं नाही, सिलिका संपला की जातं.

१५ फेब्रुवारी

शैवाल. फळीच्या वरच्या अंगावर लाल ग्रॅसिलेरिया, सुळक्याच्या पायथ्याशी हिरवं कॉलेर्पा, संपमध्ये कीटोमॉर्फा. ग्रॅसिलेरिया चिकटत नाही, खडकात घडवतानाच ठेवलेल्या भोकांत खोचायचं. कॉलेर्पा देखणं, पण दर पंधरवड्याला छाटायचं, आडवं धावणारं खोड उपटून, नुसतं कातरून नाही. वाढू दिलं तर एका रात्रीत बीज सोडतं, पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन उतरतो. सर्गासम किनाऱ्यावर कितीही दिसलं तरी टाकीत टिकत नाही. दिवे ६५०० केल्व्हिन, नऊ तास. संपचा दिवा रात्री, म्हणजे पीएच रात्री फार उतरत नाही.

मासे : हॅचरीतली क्लाउनफिशची एक जोडी, आधी महिनाभर वेगळ्या टाकीत. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणा खातो आणि अॅनिमोनवाचून (समुद्रफुलावाचून) राहतो. ही जोडी कपारीच्या छताखाली राहायला लागली आहे.

२० एप्रिल

उष्णता. डिसेंबरात दोन पंखे पाण्यावर फिरवून काम भागत होतं : ३० अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेला ओल्या बल्बचं तापमान २१ च्या आसपास, पाणी सहज २६. आता ३३ अंश आणि ७५ टक्के. ओला बल्ब २९. पंखा कितीही फिरवा, पाणी त्याखाली जाऊ शकत नाही. १ लिटर उडालं तर ३६० लिटर साधारण दीड अंशाने गार होतं, पण दमट हवेत ते लिटर उडतच नाही. पुण्यातल्या टाकीचा सल्ला इथे लागू पडत नाही तो याच कारणाने.

पाव अश्वशक्तीचा चिलर, टायटॅनियम कॉइलचा, पडवीत. चौथऱ्याच्या पोटात ठेवला असता तर स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसला असता. २६.५ वर लावला, १ अंश फरकाने. कंडेन्सरच्या पात्यांवर खारी हवा बसते, महिन्यातून एकदा बंद करून गोड्या पाण्याचा फवारा.

१२ जून

मृगाचा पाऊस, आणि त्यासोबत वीज जाणं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह, १५० एएचची बॅटरी. पंप आणि दोन वेव्हमेकर मिळून ७० वॉट, साधारण सोळा-सतरा तास. परतीचा पंप बंद ठेवून नुसते वेव्हमेकर चालवले तर ३० वॉट, दीड दिवसाहून जास्त. वीज जास्त वेळ गेली तर हा दुसरा उपायच करायचा, कारण मासे मरतात ते ऑक्सिजनवाचून, आणि त्यासाठी पृष्ठभाग हलता राहिला की पुरतं. दिवे आणि चिलर इन्व्हर्टरवर नाहीत.

३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच). सगळे प्लग टाकीपासून दूर, भिंतीवर उंच, प्रत्येक वायर खाली लोंबून मग वर जाणारी, म्हणजे थेंब प्लगमध्ये शिरत नाही. प्लगच्या पितळेवर हिरवी पूड दिसली की तो बदलायचा, घासून परत लावायचा नाही. कडाडायला लागलं की चिलरचा प्लग काढून ठेवायचा.

६ जुलै

खिडक्या बंद, पीएच ७.८. क्षारीयता ८.४ डीकेएच, म्हणजे पाण्यात कमतरता नाही, घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठलाय. पीएच चढवणारा बफर टाकायचा नाही. स्किमरची हवेची नळी कौलाखालून बाहेर काढली, तोंड खाली वळवून आणि जाळी लावून. दुसऱ्या दिवशी ८.०५.

मिठाची बादली उघडी राहिली की या दिवसांत दगड होते. लागेल तेवढ्या मापाच्या पिशव्या उन्हाळ्यातच भरून सील केलेल्या आहेत, एका पाणीबदलाला एक : ३६ लिटरला १.३५ किलो.

२७ जुलै

सध्याचे आकडे : गुरुत्व १.०२५, कॅल्शियम ४१०, मॅग्नेशियम १२९०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. फळीच्या सावलीतल्या अंगावर जांभळट कोरलाइन शैवालाचे (हे कोरल नव्हे, चुन्याचा थर धरणारं शैवाल) पहिले ठिपके. कमानीचा डावा पाय पाठीमागून नाजूक वाटतोय, म्हणून जुन्याच मिश्रणाचा, मीठ न घातलेला एक टेकू साच्यात घातला आहे. तो पिंपात आठ आठवडे मुरेल, गणपतीनंतर बसवायचा.